जुन्या घराच्या वाडीसाठी धातुशोधक यंत्र कसे निवडावे?



पुरलेल्या हंड्याची गोष्ट कोणी ऐकली नाही? "त्या पडक्या घराच्या वाडीत मोहरांचा हंडा हाये म्हनते," असे कोणीतरी कोणाला तरी सांगितलेले असते. दिघोरीत काय नि दुसऱ्या गावात काय, सांगणारा बदलतो, हंडा तोच राहतो. आता तर बाजारात धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, सहज मिळू लागले आहे. जुने घर पाडायला काढले की "एकदा यंत्र फिरवून पाहू" असे वाटणे साहजिक आहे. यात वाईट काही नाही. पण कोणते यंत्र घ्यावे, ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजल्याशिवाय घेतले तर धन सापडायचे बाजूला राहते, गाठीचे तेवढे जाते. म्हणून हा लेख.

लोक धन का पुरत असत?

पूर्वी खेड्यात बँक नव्हती, लोखंडी कपाट नव्हते. चोर-दरोड्याचे भय असे. मग चांदीचे रुपये, दागिने गाडग्यात घालून चुलीजवळ, उंबऱ्याखाली किंवा वाडीत पुरून ठेवत. ठेवणारा अचानक वारला की जागा कोणालाच ठाऊक राहत नसे.

असे ठेवे खरोखर सापडलेले आहेत. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यात 13 हजारांवर नाणी होती. ती नहपान राजाची होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने पुन्हा आपला छाप मारलेला होता. कोणी कोणाला हरवले, हे त्या नाण्यांनीच सांगितले. आपल्या विदर्भात, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे 1939 साली सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे 1974 साली एका शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. त्या हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत.

नीट पाहा. यांतला एकही ठेवा मंत्राने सापडला नाही आणि यंत्रानेही नाही. योगायोगाने सापडला. असे ठेवे शेकडो गावांत मिळून एखादे वेळी निघतात. सामान्य घराच्या वाडीत काय निघते? खिळे, बैलांच्या पायांचे नाल, मोडका विळा, पितळेची घंटी, भोकाचा पैसा, आणि कधीकाळी न्हाणीजवळ पडलेले आजीचे जोडवे. यंत्र घेताना मनात हंडा नको, जोडवे असावे. म्हणजे निवड बरोबर होते.

हे यंत्र निघाले कसे?

1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी अंगात कुठे आहे ते कळेना. टेलिफोनमुळे प्रसिद्ध झालेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारे एक विजेचे उपकरण आणून पाहिले. पण अडचण अशी झाली की पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या. त्यामुळे उपकरणाचे बोलणे नीट समजेना. गोळी सापडली नाही.

पुढे गेरहार्ड फिशर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने हातात धरून फिरवता येईल असे यंत्र केले आणि 1937 साली त्याचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे एक लष्करी अधिकारी कोसात्स्की यांनी जमिनीतील सुरुंग शोधण्यासाठी असे यंत्र बनवले. 1942 साली एल अलामेनच्या लढाईत त्याचा उपयोग झाला.

बेल यांच्या पलंगाची गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या वाडीत टिनपत्रे, कुंपणाची तार, बोअरचा पाईप आणि विजेची तार हे सारे त्या गादीतल्या तारांसारखेच यंत्राला गोंधळात टाकतात.

यंत्र काम कसे करते?

दांडीच्या खालच्या टोकाला एक चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीत उतरते. खाली धातू असेल तर त्या धातूत लहान लहान विजेचे भोवरे उठतात. हे भोवरे आपले स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करतात. दुसरे वेटोळे ते ऐकते आणि यंत्र वाजते.

विहिरीत तोंड घालून हाक मारली तर आवाज परत येतो ना? तसेच हे. फरक एवढाच की इथे हाक आवाजाची नसते, चुंबकाची असते. परत येणारे उत्तर किती जोराचे आहे आणि किती मागाहून आले, यावरून यंत्र धातूचा अंदाज करते. कुंभाराकडे आपण टिचकी मारून मडके पक्के की कच्चे ओळखतो, तशातला हा प्रकार आहे.

करून पाहा: घरातले चुंबक घ्या. ते खिळ्याला चिकटेल, पण पितळेच्या लोट्याला, तांब्याच्या तांब्याला किंवा चांदीच्या जोडव्याला चिकटणार नाही. आता पोलादी एक रुपयाच्या नाण्याला लावा. चिकटेल! म्हणजे चुंबकाला फक्त लोखंडाच्या जातीचे काही धातू समजतात. धातुशोधक यंत्राला सगळेच धातू समजतात. म्हणून ते वेगळे.

यंत्र काय सांगत नाही?

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पालकांनीही जरा थांबून वाचावा.

पहिली गोष्ट. यंत्र "सोने" असे सांगत नाही. ते "वीज वाहून नेणारी वस्तू आहे" एवढेच सांगते. चांगल्या यंत्रावर आकडा दिसतो. साधारणपणे लोखंड खाली, पातळ वर्ख आणि बारीक सोने त्याच्यावर, ॲल्युमिनियमचे तुकडे मध्ये, तांबे आणि जाड चांदी वर, असा क्रम असतो. पण सोन्याची बारीक अंगठी आणि खर्ऱ्याच्या किंवा बिस्किटाच्या पुड्यातला चमकदार वर्ख यांचा आकडा पुष्कळदा एकच येतो. खणल्याशिवाय कळत नाही. "आमचे यंत्र फक्त सोनेच दाखवते" असे कोणी म्हणाला तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

दुसरी गोष्ट, खोली. एक रुपयाएवढे नाणे चांगल्या मातीत वीतभर खोल, फार तर त्याहून थोडे अधिक, इथवरच साध्या यंत्राला कळते. मोठे पितळी गुंड किंवा हंडा असेल तर हात-दोन हात खोलवरून कळू शकतो. वस्तू मोठी तर खोली अधिक, वस्तू लहान तर खोली कमी. वीस फुटांवरची अंगठी कोणत्याही यंत्राला कळत नाही.

तिसरी गोष्ट. दगड, रत्न, मोती, मातीचे मडके हे यंत्राला दिसत नाहीत. मडक्यात नाणी असतील तर नाणी वाजतात, मडके वाजत नाही.

आपली माती आणि आपली वाडी

यंत्र निवडताना देश पाहू नये, माती पाहावी. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीतली माती वेगळी आणि तांबूस मुरमाची माती वेगळी. तांबूस रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. अशा मातीत काहीही नसताना यंत्र कुरकुरते, कारण मातीलाच ते धातू समजू लागते. जुन्या चुलीची जागा, विटांचा भाजका चुरा, राखेचा ढीग येथेही असेच होते. भाजल्याने मातीतले लोह अधिक चुंबकीय होते.

यावर उपाय म्हणजे माती-मेळ. यंत्राला आधी स्वच्छ जमिनीवर वरखाली करून "ही आमची माती, हिच्यावर ओरडू नको" असे शिकवतात. काही यंत्रे हे आपोआप करतात, काहींत बटणाने करावे लागते. ज्या यंत्रात माती-मेळाची सोयच नाही, ते आपल्याकडे मुरमावर फारसे कामाचे नाही.

दुसरी अडचण खिळ्यांची. कवेलूच्या जुन्या घराचे फाटे, वासे, दारे पडत गेली तसे खिळे मातीत मिसळत गेले. वाडीत हातभर जागेत पाच-सात खिळे सहज असतात. मोठी चकती एकाच वेळी चार खिळ्यांवर येते आणि मधले नाणे झाकले जाते. म्हणून घराजवळच्या जागेसाठी लहान चकती, सुमारे सहा इंचांची, बरी. मोकळ्या वाडीसाठी नऊ ते अकरा इंचांची चकती चालते.

यंत्रांचे प्रकार

1. तपासणीची दांडी. जत्रेत किंवा कार्यालयाच्या दारात पोलीस अंगावरून फिरवतात ती. ती जमिनीसाठी नाही. दोन-चार बोटांपलीकडे तिला कळत नाही. मात्र खणलेल्या ढेकळात वस्तू नेमकी कुठे आहे हे पाहायला, याच जातीचे लहान हातयंत्र फार उपयोगी पडते.

2. खेळण्यातले यंत्र. स्वस्त, हलके. धातू ओळखत नाही आणि माती-मेळ नाही. यंत्र कसे चालते हे वर्गात दाखवायला ठीक.

3. मंद लहरींचे यंत्र, ज्याला व्ही. एल. एफ. म्हणतात. यातली वीज सेकंदाला काही हजार वेळा उलटसुलट होते. हे लोखंड वेगळे ओळखते, आकडा दाखवते, माती-मेळ करते. खिळ्यांनी भरलेल्या वाडीसाठी हेच योग्य. यातही काही यंत्रे एकाच वेळी अनेक लहरी वापरतात. ती महाग, पण कठीण मातीत बरी.

4. ठोक्याचे यंत्र, ज्याला पल्स इंडक्शन म्हणतात. विजेचे झटके देते आणि मधल्या शांततेत ऐकते. लोहयुक्त मातीत खोलवर चालते. पण लोखंड आणि इतर धातू यांत ते नीट फरक करत नाही. आपल्या वाडीत नेले तर दिवसभर खिळेच खणावे लागतील.

5. दोन पेट्यांचे यंत्र. दांडीच्या दोन्ही टोकांना पेट्या असतात. मोठ्या, खोल वस्तूंसाठी. नाणे त्याला दिसतच नाही.

तेव्हा जुन्या घराच्या वाडीसाठी निवड सरळ आहे: तिसऱ्या प्रकारचे यंत्र, माती-मेळ असलेले, आकडा दाखवणारे, एक मध्यम व एक लहान चकती मिळणारे. वजन दीड किलोच्या आत असले तर हात दुखत नाही. चकती पाण्यात भिजली तरी चालेल अशी असावी, कारण पावसाळ्यानंतरची ओलसर माती खणायलाही सोपी असते. कानाला लावायची सोय असावी, म्हणजे बारीक आवाज ऐकू येतो आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही.

किंमत काही हजार रुपयांपासून लाखाच्या वर जाते. वर्षातून चार दिवसांच्या कामासाठी एका घराने एवढा खर्च कायले करावा? चार घरांनी मिळून एक घ्यावे. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाने नकली यंत्रेही विकली जातात, म्हणून पक्के बिल आणि हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विकत घेण्याआधीची परीक्षा

विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. स्वतः परीक्षा घ्या.

- एक जुने तांब्याचे नाणे, एक चांदीचे जोडवे, एक खिळा आणि वर्खाचा तुकडा सोबत न्या.
- प्रत्येक वस्तू चकतीसमोरून फिरवून आवाज आणि आकडा वहीत लिहा.
- नाण्याजवळ चार बोटांवर खिळा ठेवा. नाणे अजून ऐकू येते का?
- शक्य असेल तर नाणे आधी चार बोटे, मग अर्धी वीत, मग वीतभर खोल पुरून पाहा. हवेत दूरवरून वाजणारे यंत्र मातीत तितके वाजत नाही.
- डोळे बांधून परीक्षा घ्या. दुसऱ्याने वस्तू पुरावी, यंत्र धरणाऱ्याला जागा ठाऊक नसावी.

शेवटची परीक्षा सर्वांत मोठी. ज्या यंत्राचा मालक तिला नकार देतो, ते यंत्र घेऊ नये.

यंत्राच्या वेषातली फसवणूक

मुठीत धरायची एक दांडी, पुढे हलणारी तार, ती वळली की म्हणायचे "धन इकडे आहे". काहींवर दिवे असतात, काहींवर सोने-चांदी अशी बटणे असतात. आत मात्र काही नसते. तार वळते ती धरणाऱ्याच्या हाताच्या सूक्ष्म हालचालीने. त्याला स्वतःलाही ते कळत नाही.

असेच एक यंत्र "ए. डी. ई. 651" या नावाने इंग्लंडमधील जेम्स मॅकॉर्मिक याने इराकला बॉम्ब शोधण्यासाठी हजारो डॉलरला एक या भावाने विकले. मुळात ते गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून केलेले होते. नाक्यांवरचे शिपाई त्यावर विश्वास ठेवत राहिले. 2013 साली इंग्लंडमधील न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. आंधळी परीक्षा आधीच घेतली असती तर?

गुप्तधनाच्या नावाने याहून वाईट प्रकार घडतात. कोणी पूजा मांडायला सांगतो, कोणी बळी मागतो. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधन किंवा पाण्याचा शोध अशा नावाखाली अघोरी कृत्य करणे हा त्यात गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. अशा कामासाठी कोणी मुलाला किंवा मुलीला रात्री कुठे चलायला सांगितले तर जाऊ नये. लगेच घरी, गुरुजींना आणि पोलिसांना सांगावे.

सापडले तर काय करायचे?

भारतात 1878 चा निखात निधी कायदा आहे. निखात निधी म्हणजे पुरलेले धन. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या भिंतीसारख्या कशातही, दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला, हे त्यात लिहायचे. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तिच्याबद्दल जामीन द्यायचा.

"सगळे सरकार नेते" ही समजूत चुकीची आहे. मागच्या शंभर वर्षांत आपल्याच पूर्वजांनी पुरले असे सिद्ध करणाऱ्याला हक्क सांगता येतो. कोणीच मालक ठरला नाही आणि शोधणारा व जागामालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जागामालकाला मिळतो. वस्तू ऐतिहासिक असेल तर सरकार मोबदला देऊन ती घेऊ शकते. लपवणाऱ्याचा मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती यांच्या विक्रीवर 1972 च्या पुरावस्तू कायद्याचीही बंधने आहेत.

आणखी एक. आपल्या वाडीत शोधणे वेगळे आणि प्राचीन जागी खणणे वेगळे. आपल्या जिल्ह्यातील पवनी येथे 1969-70 मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तज्ज्ञांनी थरावर थर मोजून खणले म्हणून तो इतिहास कळला. कोणी यंत्र घेऊन रात्री खड्डे केले असते तर वस्तू मिळाली असती, इतिहास गेला असता. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे.

शोधताना

दोरी लावून वाडीचे पट्टे पाडा, जसे आपण पऱ्हे लावताना ओळ धरतो. चकती जमिनीला समांतर, दोन बोटे वर ठेवून सावकाश फिरवा. खेळाचा मोबाईल आणि लोखंडी कडे दूर ठेवा. आवाज आला की त्याच जागी आडवे-उभे फिरवून मध्य काढा. खुरपीने अलगद खणा, कुदळ नको. खड्डा बुजवा. खिळे आणि पत्र्याचे तुकडे परत मातीत टाकू नका, डब्यात जमा करा. अनवाणी पायांना ते लागतात. वाडी स्वच्छ झाली हाही एक फायदाच.

विजेची तार जमिनीखालून गेली असेल तेथे खणू नये. बुजवलेल्या विहिरीवर उभे राहू नये. बंद डबा, नळकांडे किंवा बॉम्बगोळ्यासारखी वस्तू दिसली तर हात लावू नये, मागे सरून मोठ्यांना आणि पोलीस पाटलांना सांगावे. खणण्याचे काम मोठ्यांच्या देखतच करावे.

सापडलेली लहान वस्तूसुद्धा बोलते

भोकाचा तांब्याचा पैसा सापडला तर तो 1943 ते 1947 या काळातला. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून सुरू झाले. ॲल्युमिनियमची हलकी नाणी 1964 पासून आली, पोलादी दहा पैसे 1988 पासून. म्हणजे उंबऱ्याजवळ सापडलेल्या नाण्यांवरून घर कधी वापरात होते याचा अंदाज करता येतो. अशी वस्तू घासून चकचकीत करू नये. साध्या पाण्याने माती काढावी, कागदाच्या पुडीत ठेवावी आणि वर जागा, खोली व तारीख लिहावी. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे 1863 साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, वस्तूंजवळच्या चिठ्ठ्यांवरही त्या कुठून आल्या ते लिहिलेले असते. नुसती वस्तू मुकी असते, चिठ्ठी लावली की ती इतिहास सांगू लागते.

तर पालकांनो, यंत्र घ्यायचे असेल तर माती पाहून, परीक्षा घेऊन आणि चार घरांनी मिळून घ्या. हंड्याच्या आशेने धानाची बांधी मात्र विकू नका. आणि मित्रांनो, घरी जाऊन आजीला एवढे विचारा, "आजी, तुझे वाडीत काय काय हरवले होते?" कुठे हरवले तेही विचारा आणि वाडीचा नकाशा काढून त्यावर खुणा करा. यंत्र येईल तेव्हा येईल, शोधायची सुरुवात त्या नकाशापासून करता येईल.